ऑडिओग्राम नॉर्मल, तरी वर्गात ऐकलेलं पोचत नाही: एपीडीची (ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर: कान ठीक, पण ऐकलेलं मेंदूत नीट उलगडत नाही) तपासणी कुठून सुरू करायची?

फळापुसणं

शाळेत विशेष शिक्षक म्हणून काम आहे, त्या संदर्भात विचारते. मुलगा तिसरीत, मराठी माध्यम, वय ८ वर्षं ४ महिने. समोरासमोर शांत खोलीत बोललं की सगळं कळतं. वर्गात पंखे सुरू, बाकीच्यांची कुजबुज, की 'काय?' सुरू होतं. 'वही काढ, तारीख लिही आणि पान ३२ उघड' यातलं फक्त शेवटचं होतं. कान-नाक-घसा डॉक्टरांचा ऑडिओग्राम आहे: ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झला दोन्ही कानांत १० डेसिबल. शेरा 'कान उत्तम'.

श्रुतलेखनातले काही शब्द (कंसात अपेक्षित): जाड (झाड), बाजी (भाजी), कान (पान), शाला (शाळा), पानी (पाणी), गाई (घाई), नदि (नदी), फुल (फूल), तान (कान).

पालकांना कुणीतरी १० दिवसांचं 'हेडफोनवर खास संगीत' पॅकेज सुचवलंय, रोज अर्ध्या अर्ध्या तासाच्या दोन बैठका. घ्यावं का? तपासण्या नेमक्या कोणत्या मागायच्या? आणि तोवर वर्गात काय करता येईल? बोर्डाची सवलत मिळेल का, हाही पालकांचा प्रश्न आहे.

---

रिफ्लेक्स

एपीडीकडे जायच्या आधी हातातला कागद अपुरा आहे, ते बघू. ऑडिओग्राम एवढंच सांगतो की किती हळू आवाजाची 'टूं' ऐकू येते. बोलणं समजतं का, गोंगाटात समजतं का, याबद्दल तो काहीही सांगत नाही.

सर्वात आधी टिम्पॅनोमेट्री, म्हणजे हवेचा दाब बदलून कानाचा पडदा कसा हलतो ते बघणं. पडद्यामागे पाणी साचलं असेल तर आलेख सपाट येतो, त्याला 'बी टाइप' म्हणतात. अशा मुलाचं ऐकणं आठवड्यागणिक वरखाली होतं, त्यामुळे चाचणीच्या दिवशी १० डेसिबल येणं आणि महिन्यानं २५-३० येणं दोन्ही शक्य आहे. पाणी असेल तर एपीडीची तपासणी थांबवा. बरेचदा ते आपोआप ओसरतं, म्हणून साधारण ३ महिने लक्ष ठेवून मग पुढचं ठरवतात. पावसाळ्यात सर्दी असताना घेतलेली तारीख सरळ पुढे ढकला.

त्याच मशीनवर अकूस्टिक रिफ्लेक्स बघायला सांगा. मोठ्या आवाजाला कानातला छोटा स्नायू आवळतो, साधारण ७० ते १०० डेसिबलच्या दरम्यान. मधला कान स्वच्छ आणि ऑडिओग्राम नॉर्मल असूनही दोन्ही बाजूंना रिफ्लेक्स नसतील, तर घंटी वाजली पाहिजे. मग ओएई (आतल्या कानातल्या पेशींचा प्रतिसाद) आणि एबीआर (नसेवरून मेंदूकडे जाणाऱ्या संदेशाच्या लाटा) या दोन तपासण्या लागतात. ओएई आहे पण एबीआरच्या लाटा नाहीत किंवा विस्कटलेल्या आहेत, असं निघालं तर तो ऑडिटरी न्यूरोपॅथीचा प्रकार. कानातल्या पेशी काम करतात, पण नसेवरचा संदेश एका तालात जात नाही. वर्गातली लक्षणं हुबेहूब एपीडीसारखी, उपचार मात्र वेगळे. जन्मानंतर जोराची कावीळ, अपुऱ्या दिवसांचा जन्म, एनआयसीयूत मुक्काम यांपैकी काही होतं का, हे पालकांना आवर्जून विचारा.

हे सगळं ठीक निघालं की मग एपीडीची बॅटरी, म्हणजे चाचण्यांचा संच. बहुतेक चाचण्या वय ७ पूर्ण झाल्यावरच करतात, त्याआधी मुलामुलांतला फरकच इतका असतो की नॉर्म (त्या वयाला अपेक्षित आकडा) ठरत नाही. तुमचा विद्यार्थी वयात बसतो. बॅटरी म्हणजे चार-पाच वेगवेगळ्या खिडक्यांतून एकाच खोलीत डोकावणं:

डायकॉटिक चाचणी: दोन्ही कानांत एकाच क्षणी वेगवेगळे अंक किंवा 'पा-टा-का-बा-डा-गा' यांतली अक्षरं. दोन्ही सांगायची.

पिच पॅटर्न: ८८० आणि ११२२ हर्ट्झचे तीन सूर, 'बारीक-बारीक-जाड' असा क्रम सांगायचा. आधी शब्दांत, मग गुणगुणून.

गॅप डिटेक्शन: सलग खरखरीच्या आवाजात काही मिलिसेकंदांची फट कळते का. सर्वसाधारणपणे ५ मिलिसेकंदांच्या आसपासची फट पकडता येते.

मास्किंग लेव्हल डिफरन्स: ५०० हर्ट्झचा सूर दोन कानांत उलट-सुलट फेजमध्ये (एकात लाट वर, तेव्हा दुसऱ्यात खाली) दिल्यावर तो गोंगाटातून किती सहज वर येतो. साधारण १० डेसिबलचा फायदा अपेक्षित.

आणि गोंगाटातले शब्द.

अमेरिकेच्या 'आशा' या वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेच्या २००५ च्या अहवालाचा निकष असा: किमान दोन चाचण्यांत वयाच्या सरासरीपेक्षा २ एसडी (प्रमाण विचलन) किंवा त्याहून खाली. एकच चाचणी बिघडली असेल तर ३ एसडी. रिपोर्टवर फक्त 'एपीडी आहे' असं एक वाक्य असेल, चाचणीनिहाय आणि कानानिहाय आकडे नसतील, तर तो परत करा. त्यावरून उपचार ठरवताच येत नाहीत.

कुठे, तर मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग वाक्-श्रवण संस्था. म्हैसूरच्या 'आयिश'मध्ये (अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था) यावर बरंच काम झालंय. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात जायचं असेल तर आधी फोनवर दोनच गोष्टी विचारा: टू-चॅनल ऑडिओमीटर आहे का, आणि डायकॉटिक व पॅटर्नच्या चाचण्या नॉर्म्ससकट आहेत का. नुसतं 'एपीडी करता का' विचारलंत की सगळीकडे 'हो'च ऐकायला मिळतं.

चाचणी सकाळी, झोप झालेली, पोटात काही असताना, आणि दोन बैठकांत. एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) औषध सुरू असेल तर त्या दिवशी बंद करू नका. भुकेल्या, कंटाळलेल्या मुलाची डायकॉटिक चाचणी ही कंटाळ्याचीच चाचणी होते.

पाठवायच्या आधी शाळेतच आयिशची 'स्कॅप' यादी भरून घ्या. १२ प्रश्न, प्रत्येक 'हो' ला १ गुण, ६ किंवा जास्त आले तर पुढे पाठवायचं. वर्गशिक्षकांनी भरावी, मुलाला सर्वात जास्त तास तेच बघतात.

---

अनुस्वार

मी फक्त त्या श्रुतलेखनावर लिहिते, कारण त्यातला निम्मा माल कानाचा नाहीच.

नदि, फुल: हे बाजूला काढा. मराठी उच्चारात शेवटची इ-ई किंवा फुल-फूल हा फरक आपण बोलून दाखवत नाही, तो लिखाणाचा नियम आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका एपीडीचा पुरावा म्हणून रिपोर्टात वाचल्या की हसावं की रडावं कळत नाही. तो निकष लावला तर अर्धं वर्तमानपत्र उपचाराला न्यावं लागेल.

शाला, पानी: आधी घरची बोली विचारा. 'ण'चा 'न' महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत होतो, वऱ्हाडी-खानदेशी पट्ट्यात 'डोळा'चा 'डोया' होतो. घरात 'पानी' म्हणत असतील तर मुलानं ऐकलं तेच लिहिलं, आणि ते बरोबर ऐकलं. घरी सगळे 'पाणी' म्हणत असतील तरच ही चूक मोजायची.

जाड-झाड, बाजी-भाजी, गाई-घाई: तिन्ही ठिकाणी महाप्राण (झ, भ, घ यांतला ह-कार) गेलाय. इथं खरंच काहीतरी आहे, पण ते कानात, उच्चारात की अक्षरओळखीत, हे तपासायला पाच मिनिटं लागतात. चित्रं समोर ठेवा, तोंड कागदानं झाका (ओठ बघून ओळखता कामा नये), आणि मिसळून २० वेळा विचारा: दार-धार, पळ-फळ, ताट-थाट, कडी-खडी. मुलानं बोट दाखवायचं, बोलायचं नाही, लिहायचंही नाही. २० पैकी १८-२० बरोबर आले तर कान शांततेत फरक करतोय, दोष लिखाणाच्या बाजूला. १०-१२ आले म्हणजे निव्वळ अंदाज चाललाय.

मग हेच मोबाइलवर पंख्याचा किंवा बाजाराचा आवाज लावून करा. शांततेत १९ आणि आवाजात ११, हे वाक्य ऑडिओलॉजिस्टला (श्रवणतज्ज्ञाला) लिहून पाठवलंत तर ते 'लक्ष देत नाही' या शेऱ्यापेक्षा शंभरपट उपयोगी आहे.

पान-कान-तान: हा सर्वात बोलका गट. प, त, क यांच्यातला फरक काही मिलिसेकंदांच्या फुटण्यात आणि पुढच्या स्वराच्या सुरुवातीच्या वळणात असतो. गोंगाट पहिल्यांदा तोच खातो. नॉर्मल कानांचाही पंख्याखाली इथंच घोळ होतो. म्हणून हे शब्द वर्गात शेवटच्या बाकावरून घेतले की टेबलाशेजारी, हे लिहिलंत का? नसेल तर दोन्हीकडून घ्या.

भाषेची चाचणीही हवी. ज्या मुलाचा शब्दसाठा कमी, त्याला गोंगाटात गाळलेली अक्षरं अंदाजानं भरता येत नाहीत. दिसतं एपीडीसारखं, असतो भाषेचा प्रश्न.

---

शंकासुर

थोडं पाणी ओततो. ब्रिटनमध्ये ६ ते ११ वयाच्या सुमारे दीड हजार मुलांवरचा अभ्यास २०१० साली आला, डेव्हिड मूर आणि सहकाऱ्यांचा. मुलांच्या ऐकण्याच्या तक्रारी आणि गोंगाटातली कामगिरी यांचा संबंध कानाच्या सूक्ष्म क्षमतेपेक्षा लक्ष आणि स्मृतीशी जास्त निघाला. डीएसएम-५ मध्ये (मानसिक विकारांच्या अमेरिकन सूचीत) एपीडी नावाचं निदान नाही. आयसीडी-१० या आजारांच्या सूचीच्या अमेरिकन आवृत्तीत एच ९३.२५ असा कोड आहे, पण कोड असणं आणि आजार एकच असणं यात फरक आहे. तीन पायऱ्यांच्या सूचनेतली शेवटचीच करणं हे मला कार्यकारी स्मृतीचं (ऐकलेलं तेवढ्यापुरतं डोक्यात धरून ठेवण्याचं) वाटतं. आधी मानसशास्त्रज्ञाकडून बुद्ध्यंक, लक्ष, स्मृती आणि वाचन तपासून घ्या.

---

रिफ्लेक्स

@शंकासुर, तपासून घ्यावं हे मान्य. म्हणूनच बेरीज बघायची नाही, नक्षी बघायची. लक्ष उडणारं मूल दोन्ही कानांत, सगळ्याच चाचण्यांत, आणि सुरुवातीपेक्षा शेवटी जास्त पडतं. एकच कान पडतो आणि तोही फक्त डायकॉटिकमध्ये, तेव्हा 'लक्ष नव्हतं' म्हणता येत नाही: डाव्या कानापुरतं लक्ष कसं उडेल? मास्किंग लेव्हल डिफरन्सही याचसाठी घ्यायचा, कारण तो वजाबाकीचा आकडा आहे. मूल दोन्ही वेळा सारखंच कंटाळलेलं असेल तर कंटाळा वजा होतो. उलट, सगळंच सपाट पडलं असेल तर मीही एपीडी लिहिणार नाही.

हेडफोनच्या पॅकेजबद्दल: १० दिवस, रोज अर्ध्या तासाच्या दोन बैठका हा ऑडिटरी इंटिग्रेशन ट्रेनिंगचा ठरलेला साचा आहे. आशानं २००४ मध्येच लिहिलंय की त्याचा परिणाम शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेला नाही. पैसे राखून ठेवा, पुढे शिक्षकांच्या माइकला लागतील.

महागड्या संगणक-खेळांबद्दलही तेच. २००८ मध्ये २१६ मुलांवर तुलना झाली होती: ध्वनी मुद्दाम ताणून ऐकवणारं गाजलेलं सॉफ्टवेअर, दुसरे भाषेचे खेळ, थेरपिस्टबरोबर भाषेचं काम, आणि चौथा गट सर्वसाधारण शैक्षणिक खेळांचा. चारही गट सुधारले, आणि जवळपास सारखेच.

---

घुमट

तपासणीचा निकाल यायची वाट न बघता करता येईल असं काम खोलीचं आहे. आकडे मांडतो.

शिक्षकांचा आवाज १ मीटरवर ६५ डेसिबल धरा. अंतर दुप्पट झालं की मोकळ्यात ६ डेसिबल जातात: २ मीटरवर ५९, ४ मीटरवर ५३. तीन पंखे आणि कुजबुज मिळून ५५ असेल, तर चौथ्या बाकावर आवाज गोंगाटाच्या २ डेसिबल खाली. लहान मुलांना आवाज गोंगाटाच्या १५ डेसिबल वर हवा असं सर्वसाधारण मानतात. पहिल्या बाकावरही १० च मिळतात. 'पुढे बसवा' हा सल्ला बरोबर, पण एकट्यानं पुरा पडत नाही, तो यामुळे.

आता घुमणं, म्हणजे आवाज विरायला लागणारा वेळ. ८ × ६ मीटरची, ३.५ मीटर उंच खोली म्हणजे १६८ घनमीटर. फरशी, गिलावा, स्लॅब, उघड्या खिडक्या धरून शोषण (आवाज गिळणारं क्षेत्र) २० चौरस मीटर धरू. सॅबिनच्या सूत्रानं ०.१६१ × १६८ ÷ २० = साधारण १.३५ सेकंद. ४० मुलं आत आली की ती १४-१५ ची भर घालतात (मूल हे उत्तम शोषक आहे, फक्त गप्प बसत नाही), मग ०.८ च्या आसपास. अशा आकाराच्या वर्गांसाठी अमेरिकन मानकात रिकाम्या वर्गात ०.६ सेकंद आणि ३५ डेसिबल गोंगाट एवढी मर्यादा आहे. आपण निदान भरलेल्या वर्गात ०.६ गाठू, त्यासाठी शोषण ४५ लागेल. तूट ११ ची. ५० मिलिमीटर जाडीचे पॉलिएस्टर फायबरचे पॅनल साधारण ०.८ शोषतात, म्हणजे १४ चौरस मीटर पुरे. मागची भिंत आणि छताच्या कडा. पुढची भिंत तशीच ठेवा, तिच्यावरून आपटून शिक्षकांचा आवाज पुढे जातो.

अंड्यांचे ट्रे लावू नका. बोलण्याच्या पट्टीत त्यांचा उपयोग नगण्य आणि आग लागली तर पळता भुई थोडी. पातळ पडदेही शोभेपुरते. बाकांच्या पायांना रबरी टोप्या मात्र लगेच लावा, खडखड कमी होते. खर्च किरकोळ.

खिडक्या उघड्या असल्या की शोषण वाढतं पण रस्ता आत येतो. रस्त्याकडची बंद, मैदानाकडची उघडी, आणि पी.टी.चा तास सुरू असताना उलट. मुलाच्या डोक्यावरचाच पंखा कुरकुरत असेल तर आधी त्याचं बेअरिंग बदला.

---

फळापुसणं

तीन आठवड्यांनी परत आले. अनुस्वार यांची चाचणी: शांततेत २० पैकी १९, आवाजात १२. घरी 'पानी' नाही, सगळे 'पाणी'च म्हणतात. टिम्पॅनोमेट्री ए टाइप (नॉर्मल), रिफ्लेक्स आहेत, ओएई आहे. बुद्ध्यंक आणि लक्ष वयाप्रमाणे, अंकस्मृती थोडी कमी. एपीडीचा रिपोर्ट:

डायकॉटिक अंक: उजवा ८८ टक्के, डावा ४५ टक्के (डावा २ एसडीहून खाली).
पिच पॅटर्न: शब्दांत सांगताना दोन्ही कान २ एसडीखाली, गुणगुणून मात्र नॉर्मल.
गॅप डिटेक्शन ५ मिलिसेकंद. मास्किंग लेव्हल डिफरन्स ११.
गोंगाटातले शब्द: डावा कान कमी.

याचा अर्थ काय घ्यायचा?

---

रिफ्लेक्स

पुस्तकातली नक्षी आहे. सूर गुणगुणणं प्रामुख्यानं उजव्या मेंदूचं काम, त्याला 'बारीक-जाड' अशी नावं देणं डाव्याचं. गुणगुणता येतं पण सांगता येत नाही, म्हणजे दोन्ही अर्ध्यांमधला पूल (कॉर्पस कॅलोसम) अजून सुस्त आहे. डाव्या कानाचा संदेश आधी उजव्या मेंदूत जातो आणि भाषेसाठी त्याच पुलावरून पलीकडे येतो, म्हणून डायकॉटिकमध्ये डावा कान मागे. उजव्या कानाची थोडी आघाडी या वयात सगळ्यांचीच असते, ४३ टक्क्यांची नसते. गॅप आणि मास्किंग ठीक आहे, तेव्हा त्यांचे व्यायाम करण्यात वेळ घालवू नका.

उपचार: डायकॉटिक तीव्रता-फरकाचं प्रशिक्षण. डावा कान आरामाच्या पातळीवर, समजा ५० डेसिबल, स्थिर. उजव्याचा आवाज इतका उतरवायचा की डाव्याची उत्तरं ७०-८० टक्के बरोबर येतील. तिथं टिकला की उजवा २ ते ५ डेसिबलनं वर, पुन्हा टिकेपर्यंत थांबा. आठवड्यातून ३-४ वेळा, २०-३० मिनिटं, ८ ते १२ आठवडे. घाई केली आणि उजवा एकदम १० नं चढवला तर डावा पुन्हा ४५ वर कोसळतो आणि मुलाची हौस जाते ती वेगळीच.

हे ऑडिओमीटरवर क्लिनिकमध्ये करायचं. घरी सरावाला डाव्या कानात गोष्ट, उजव्यात हळू आवाजात दुसरं काही, आणि मग गोष्टीवर प्रश्न, एवढंच. वायरचे हेडफोन घ्या. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' बंद आहे ना, हे आधी बघा. ते सुरू असेल तर दोन्ही कानांत दोन्ही आवाज जातात आणि महिनाभराचा सराव पाण्यात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे एल-आर उलटे घातलेले. एल वर खुणेची चिकटपट्टी लावा.

पुलासाठी सोप्या गोष्टी: डोळे मिटून डाव्या हातात वस्तू देऊन नाव सांगायला लावणं, गाण्याच्या ठेक्यावर टाळ्या वाजवत शब्द म्हणणं.

---

अनुस्वार

अंकस्मृती कमी आहे म्हणून गावाच्या भेंड्या खेळा. शेवटचं अक्षर पकडावं लागतं आणि आधी झालेली गावं लक्षात ठेवावी लागतात, एका खेळात दोन कामं. महाप्राणाच्या जोड्या आता मुद्दाम आवाजात घ्या: सुरुवातीला बोलणं गोंगाटापेक्षा बरंच मोठं, २० पैकी १६ आले की गोंगाट थोडा वाढवा.

वर्गशिक्षकांना एकच सवय लावा: 'कळलं का?' विचारू नका, त्याचं उत्तर कायम 'हो' असतं. 'काय करायचंय, सांग बघू' असं विचारा. चुकलं तर तेच वाक्य मोठ्यानं परत न म्हणता तोडून सांगा: 'वही काढ.' काढली की 'तारीख लिही.' आणि श्रुतलेखन एका जागी उभं राहून, मुलाच्या उजव्या बाजूनं. फेऱ्या मारत घेतलं की दर वाक्याला अंतर बदलतं.

सवलतीबद्दल: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एपीडी नावानं नाही. श्रवणदोषात बसत नाही, कारण तिथं निकष डेसिबलचा आहे. विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत बोली भाषेच्या प्रक्रियेतला दोषही येतो, पण प्रमाणपत्र वाचन-लेखन-गणिताच्या तपासणीवर मिळतं. ती तपासणी चौथी-पाचवीत करून घ्या, दहावीच्या वर्षी धावपळ नको.

---

घुमट

रिमोट माइकचं राहिलं: माइक शिक्षकांच्या गळ्याशी, रिसीव्हर मुलाच्या कानात. माइक तोंडापासून १५ सेंटिमीटरवर असला की तिथं आवाज १ मीटरपेक्षा साधारण १६ डेसिबल जास्त, म्हणजे ८१. गोंगाट तोच ५५. मुलाच्या कानापर्यंत २६ डेसिबलची आघाडी पोचते, मग तो कुठल्याही बाकावर बसो. रिसीव्हर उघड्या टोकाचा आणि आवाज मर्यादित ठेवलेला हवा, तो ऑडिओलॉजिस्टनंच लावायचा, कारण कान नॉर्मल आहेत.

बिघडतं ते असं: माइक मंगळसूत्रावर किंवा पदराच्या घडीवर घासला की मुलाच्या कानात दिवसभर खरखर, आणि मूल ते सांगत नाही, रिसीव्हर दप्तरात टाकतं. क्लिप पदराच्या विरुद्ध खांद्याच्या बाजूला, ब्लाउजच्या काठाला. ड्रेस असेल तर ओढणी मागे. दुसऱ्या मुलाला रागवायला किंवा स्टाफरूममध्ये जाताना म्यूट. गटचर्चेत माइक बोलणाऱ्याच्या हातात. चार्जिंगची जबाबदारी वर्गातल्या एकाच माणसाकडे द्या, दोघांकडे दिली की सोमवारी सकाळी माइक मेलेला असतो.

---

फळापुसणं

माइक कायमचा लागेल का? आणि पुन्हा चाचणी कधी?

---

रिफ्लेक्स

प्रशिक्षण संपल्यावर तीच बॅटरी, पण अंकांची यादी दुसरी मागा, नाहीतर पाठांतर मोजलं जाईल. आणि निकाल चाचणीच्या दिवशीच्या वयाच्या नॉर्मशी ताडायचा: तोवर ९ पूर्ण झाली असतील तर ९ च्या, ८ च्या नाही. डावा कान नॉर्ममध्ये आला तर माइक फक्त गोंगाटाच्या तासांना ठेवून बघा: दोन आठवडे माइकसह श्रुतलेखन, दोन आठवडे माइकविना, शब्दांची अवघडता सारखी. फरक उरला नाही तर काढून टाका.